छोट्या ऑफिसला वायरलेस कीपॅड कुलूप: काचेचं दार, लाकडी दार आणि कोडची नोंद

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पहिल्या मजल्यावर नऊ जणांचं अकाउंटिंगचं ऑफिस. मुख्य दार १२ मि.मी. टफन्ड काचेचं, फ्लोअर स्प्रिंगवर, म्हणजे जमिनीत बसवलेल्या स्प्रिंगवर. आत रेकॉर्ड रूमला लाकडी फ्लश डोअर. किल्ल्या किती आणि कोणाकडे याचा पत्ता राहिलेला नाही. फॉल्स सीलिंग न फोडता दोन्ही दारांना वायरलेस कीपॅड बसवायचे आहेत. काय घ्यावं, कसं बसवावं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या दोन दारांना एकाच जातीचं कुलूप चालणार नाही. दुकानदार एकच मॉडेल दोन्हीकडे बसेल म्हणाला, तरी ऐकू नका. काचेच्या दाराला ईएम लॉक, म्हणजे चुंबकी कुलूप, आणि त्याला वायरलेस कीपॅड. लाकडी दाराला सेलवर चालणारं मॉर्टाइज (पल्ल्याच्या कडेत खाच मारून आत बसणारं) किंवा रिम (पल्ल्यावर वरून बसणारं) कुलूप, ज्याचा कीपॅड त्याच्या अंगातच असतो. पहिल्यात कीपॅडला वायर लागत नाही, पण चुंबकाला वीज लागतेच. दुसऱ्यात एकही वायर नाही.

काचेचं दार

टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही. ड्रिल लावलं की अख्खा पल्ला चुरा होऊन खाली येतो. त्यामुळे काचेवर जे बसवायचं ते कवळून बसवायचं. चुंबकाची लोखंडी प्लेट पल्ल्याच्या वरच्या कडेला यू-ब्रॅकेटने पकडतात. दाराच्या वर चौकटीत अॅल्युमिनियमची आडवी पट्टी असेल तर चुंबक तिच्यावर येतो. वरही काचच असेल तर तिथेही यू-ब्रॅकेट लागतो. ब्रॅकेट १० ते १२ मि.मी. काचेसाठीचा आहे का ते बघून घ्या. स्क्रू आणि काच यांच्यामध्ये रबर हवंच. धातू थेट काचेवर आवळला तर आज काही होत नाही, पण तापमान बदललं की कडेला तडा जाण्याचा धोका राहतो.

फ्लोअर स्प्रिंगचं दार दोन्ही बाजूंना उघडतं. चुंबक बसला की ते एकाच बाजूला उघडेल, कारण चुंबकाची पेटी पल्ल्याच्या वाटेत आतल्या अंगाला येते. दार बाहेर उघडणारं ठेवा. पेटी आतून, वायर आतून, आणि घाईत बाहेर पडणारा माणूस ढकलूनच बाहेर जातो. बाहेरचा पॅसेज अरुंद असेल तर उघडलेला पल्ला जिन्याची वाट अडवत नाही ना, हे आधी पाहा.

इतक्या ऑफिसला ६०० पाउंडाचं, म्हणजे साधारण २७० किलो ओढ धरणारं चुंबकी कुलूप पुरतं. १२०० पाउंडाचं घेऊन काचेच्या ब्रॅकेटवर जास्त भार टाकण्यात अर्थ नाही. हे कुलूप १२ व्होल्टवर साधारण ०.४ ते ०.५ अँपिअर घेतं. बरीच कुलपं १२ आणि २४ व्होल्ट दोन्हींवर चालतात आणि आत एक छोटा जम्पर, म्हणजे व्होल्टेज निवडायची टोपी, असते. ती २४ वर राहिली आणि वीज १२ ची दिली, तर चुंबक धरतो पण जेमतेम. जोरात ओढलं की दार सुटतं. नवीन कुलूप ‘कमजोर निघालं’ अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा जम्पर बघायचा.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे प्लेट. ती मधल्या एका बोल्टवर, रबरी वॉशर घालून, किंचित हलती ठेवायची असते, म्हणजे ती चुंबकावर सपाट बसते. फॅब्रिकेटर सवयीने तो बोल्ट करकचून आवळतो. मग प्लेट एका कोपऱ्यावर टेकते आणि पकड कितीतरी कमी होते. तपासायची सोपी रीत: प्लेटच्या चारही कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेवून दार लावा, वीज चालू करा आणि एकेक पट्टी ओढा. जी सहज सरकते त्या कोपऱ्यात फट आहे. फ्लोअर स्प्रिंग जुनी होऊन पल्ला दोन-तीन मि.मी. खाली बसला असेल तर आधी स्प्रिंगचं काम करून घ्या. वाकडं दार चुंबक सरळ करत नाही. चुंबकाला तेल-ग्रीस लावू नका, धूळ चिकटते. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा.

आता कीपॅड. वायरलेस कीपॅडचा खरा फायदा सीलिंग वाचण्यापेक्षा मोठा आहे. साध्या वायरवाल्या कीपॅडमध्ये कुलूप उघडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बहुधा कीपॅडच्याच पोटात, म्हणजे दाराबाहेर असतो. चार स्क्रू काढले, मागच्या वायरींशी खेळ केला, की दार उघडतं. कोड लागतच नाही. वायरलेस संचात कीपॅड बाहेर आणि रिले असलेला कंट्रोलर आत असतो. बाहेरचा डबा कोणी उपटून नेला तरी त्याच्या हाती फक्त बटणं लागतात. हे खरं ठरायला एक अट आहे: कीपॅड आणि कंट्रोलर यांच्यातला सिग्नल रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी बदलणारा हवा. स्वस्त ४३३ मेगाहर्ट्झच्या संचांत दर वेळी तोच सिग्नल जातो आणि तो पकडून पुन्हा सोडणारी उपकरणं सहज मिळतात. माहितीपत्रकात रोलिंग कोड किंवा एन्क्रिप्शनचा उल्लेख नसेल तर तो संच ऑफिसला घेऊ नका.

कंट्रोलर दाराजवळ, आतल्या बाजूला, पाच-सहा मीटरच्या आत बसवा. मध्ये लोखंडी शटर किंवा स्टीलचं कपाट आलं की सिग्नल मरतो. स्क्रू मारण्याआधी कीपॅड दुहेरी टेपने तात्पुरता चिकटवून, शटर अर्धं खाली आणि पूर्ण वर अशा दोन्ही स्थितींत दहा-दहा वेळा दाबून बघा.

जोडणी अशी. पॉवर सप्लाय बॅटरी चार्ज करणारा, अॅक्सेस कंट्रोलचा घ्या; सीसीटीव्हीचा साधा सप्लाय (एसएमपीएस) बॅटरी चार्ज करत नाही. सप्लायचा प्लस आधी काच दाबायच्या आपत्कालीन डब्यातून न्यायचा, तिथून रिलेच्या कॉमन टोकाला, रिलेच्या एनसीवरून (एरवी जोडलेलं राहणारं टोक) चुंबकाच्या प्लसला. चुंबकाचा मायनस थेट सप्लायला. बाहेर पडायचं बटण कंट्रोलरच्या पुश आणि ग्राउंड टोकांना. चुंबकाच्या दोन टोकांवर एक १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. कॉइल बंद होताना उलटा झटका येतो. डायोड नसेल तर रिलेची टोकं काही महिन्यांत जळून चिकटतात आणि कोड टाकूनही दार सुटत नाही. काही कुलपांत हे संरक्षण आतच असतं. तसं लिहिलेलं असेल तर वेगळा डायोड नको.

आपत्कालीन डबा चुंबकाची वीज थेट तोडणारा हवा, कंट्रोलरला विनंती करणारा नको. कंट्रोलर अडकला असतानाच तो लागणार आहे. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्येही बाहेर पडण्याचं दार आतून किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे असंच सांगितलं आहे. आतून कोड टाकून बाहेर पडायची व्यवस्था कोणी सुचवली तर सरळ नकार द्या.

वायरमध्ये हात आखडू नका. उरलेली नेटवर्क केबल वापरायचा मोह होतो. पण तिच्या एकेका तारेने २० मीटरवरच्या चुंबकाला वीज दिली तर जाऊन-येऊन दीड व्होल्टहून जास्त वाटेतच पडतात आणि चुंबकाला साडेदहाच मिळतात. ०.७५ चौ. मि.मी.ची दोन तारांची केबल घ्या आणि पॉवर सप्लाय दाराजवळ ठेवा. कीपॅड वायरलेस असल्यामुळे हे सगळं दाराच्या आतल्या कोपऱ्यात, पीव्हीसी पट्टीतून दोन-तीन मीटरमध्ये उरकतं. सीलिंगला हात लावावा लागत नाही.

वीज गेली की चुंबक सुटतो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एसएमएफ (पाणी घालावं न लागणारी बंद) बॅटरी, कुलूप आणि कंट्रोलर मिळून ०.६ अँपिअर धरले तर कागदावर साडेअकरा तास होतात. नव्या बॅटरीवर प्रत्यक्षात आठ-नऊ धरा, दोन-तीन वर्षांनी त्याच्या निम्मे. म्हणून ईएम लॉक हे दिवसाच्या ये-जा करण्याचं कुलूप आहे, रात्रीचं नाही. रात्री दाराच्या खालच्या कोपऱ्यातलं पॅच फिटिंगचं (काच कवळणाऱ्या धातूच्या पकडीतलं) कुलूप किंवा शटर लागलंच पाहिजे. म्हणजे एक किल्ली उरतेच, पण ती मालक आणि सगळ्यात आधी येणारा माणूस अशा दोघांकडेच. बाकी सात जणांच्या खिशातली किल्ली जाते. ते खालचं कुलूपही याच निमित्ताने बदला. जुन्या किल्ल्यांच्या किती नकला फिरताहेत ते माहीत नाही, हाच तर मूळ प्रश्न आहे.

रेकॉर्ड रूमचं लाकडी दार

इथे कुलूप विकत घेण्याआधी टेप घ्या. पल्ल्याची जाडी, कडेपासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि दार उजवं की डावं, आत उघडतं की बाहेर. बाजारातली बरीच डिजिटल मॉर्टाइज कुलपं किमान ३५ मि.मी. जाडी मागतात, आणि आपल्याकडचे फ्लश डोअर पुष्कळदा ३० किंवा ३२ चे असतात. ३० मि.मी.च्या पल्ल्यात कुलपाच्या पेटीसाठी १८ मि.मी.ची खाच मारली की दोन्ही अंगांना सहा-सहा मि.मी. लाकूड उरतं; एका जोरदार लाथेने ते फाटतं. अशा दाराला वरून बसणारं रिम कुलूप बरं. त्याला एक-दोन आरपार भोकं पुरतात.

मॉर्टाइजच बसवायचं असेल तर सुताराला खाच मारल्यावर आतलं उघडं लाकूड वॉर्निशने किंवा प्रायमरने बंद करायला सांगा. हे जवळजवळ कोणीच करत नाही. कच्चं लाकूड पावसाळ्यात पाणी ओढतं, पल्ला फुगतो आणि बोल्ट, म्हणजे कुलपाची जीभ, चौकटीतल्या पट्टीला घासायला लागतो. माणूस हाताने किल्ली फिरवतो तेव्हा थोडा जोर जास्त लावतो, दाराला खांदा देतो. छोट्या मोटरला ते जमत नाही. ती दर वेळी अडून पुन्हा प्रयत्न करते, आणि एरवी आठ-दहा महिने चालणारे सेल दोन महिन्यांत बसतात. जुलैत ‘सेल फार खातंय’ अशी तक्रार आली की कुलपाला दोष देण्याआधी दार ओढून धरून आणि ढकलून धरून असे दोन्ही प्रकारे कोड टाकून बघा. एका स्थितीत सुरळीत चाललं तर दोष पट्टीचा. कानस घेऊन भोक त्या बाजूला दोन मि.मी. मोठं करा. काम उन्हाळ्यात होत असेल तर ही मोकळीक आधीच ठेवून द्या.

बसवताना दोन जागी लक्ष द्या. बाहेरच्या पॅनेलची रिबनसारखी वायर चौकोनी स्पिंडलच्या (हँडलच्या दांड्याच्या) खालून, पेटीला न चिकटता आत यायला हवी. ती पॅनेल आणि लाकूड यांच्यात चिमटली की पहिले काही दिवस सगळं ठीक चालतं, मग मध्येच बटणं मेल्यासारखी होतात. आणि पॅनेलचे लांब स्क्रू ड्रिल मशीनने आवळायचे नाहीत. हाताने, दोन्ही आलटून-पालटून, हँडल स्वतःहून परत जागेवर येतंय का हे बघत. पॅनेल वाकलं की हँडल खालीच अडकून राहतं.

आपोआप लागणारं कुलूप असेल तर दार बंद झाल्याचं सांगणारा सेन्सर आणि हायड्रॉलिक क्लोजर दोन्ही हवेत. सेन्सर नसेल तर पाच सेकंदांनी बोल्ट उघड्या दारातच बाहेर येतो आणि दार चौकटीवर आपटतं. क्लोजरला वेगाचे दोन स्क्रू असतात: एक अख्ख्या फेऱ्याचा, दुसरा शेवटच्या काही अंशांचा. दुसरा थोडा सैल करा, म्हणजे शेवटी दार ठाम बसतं. चौकट लोखंडी असेल तर सेन्सरच्या चुंबकाखाली प्लास्टिकची चकती द्या. लोखंड त्याचं क्षेत्र खाऊन टाकतं.

सेल अल्कलाइनच, चारही एका वेळी, एकाच कंपनीचे. रिचार्जेबल एए सेल १.२ व्होल्टचे असतात. चार मिळून ४.८. बरीच कुलपं तेवढ्यावरच ‘बॅटरी कमी’ ओरडू लागतात. लिथियम एए उलट शेवटपर्यंत भरलेले दिसतात आणि एकदम बंद पडतात, इशारा मिळतच नाही. मागच्या झाकणावर मार्करने बदलल्याची तारीख लिहा आणि मे महिन्यात, पावसाआधी, इशारा आला नसला तरी बदला. सेल अगदीच मेले तर बाहेरच्या पॅनेलखाली ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन टोकं किंवा यूएसबीचं भोक असतं. बॅटरी तिथे टेकवून धरायची आणि धरलेली असतानाच कोड टाकायचा. कुलपाबरोबर आलेली किल्ली मात्र रेकॉर्ड रूमच्या आतल्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. असं खूप ठिकाणी होतं.

वायफाय की ब्लूटूथ? थेट वायफायचं कुलूप सेल लवकर संपवतं. ब्लूटूथ कुलूप आणि ते इंटरनेटला जोडणारा, भिंतीतल्या सॉकेटवरचा गेटवे ही जोडी ऑफिसला जास्त बरी. गेटवे कुलपापासून आठ-दहा मीटरच्या आत, इन्व्हर्टरच्या लाइनवर. जोडताना तुमचा मोबाइल हा राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय नावावर ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर बहुतेक गेटवे सापडतच नाहीत.

खातं आणि कोड

सगळ्यात महागात पडणारी चूक यंत्राची नाही, खात्याची आहे. बसवायला आलेला माणूस घाईत स्वतःच्या मोबाइल नंबरवर ॲपमध्ये कुलूप नोंदवतो आणि तुम्हाला फक्त वापरण्याची परवानगी देऊन जातो. म्हणजे तुमच्या दाराचा मालक तो. खातं ऑफिसच्या ईमेलवर, तुमच्यासमोर, पहिल्या मिनिटाला उघडा. आधीच तसं झालं असेल तर त्याच्याकडून ते रद्द करून घ्या, किंवा आतल्या पॅनेलच्या रीसेट बटणाने कुलूप कोरं करून नव्याने नोंदवा. कारखान्याचा मास्टर कोड, बहुधा १२३४५६, त्याच क्षणी बदला. ईएम लॉकच्या कंट्रोलरलाही हेच लागू आहे. तिथला मास्टर कोड तर माहितीपत्रकात छापलेला असतो, जो कोणालाही वाचता येतो.

प्रत्येकाला वेगळा कोड. सगळ्यांना एकच दिला तर किल्ली नुसती तोंडी झाली, बाकी काही बदललं नाही. चार आकड्यांचे दहा हजार कोड होतात, सहा आकड्यांचे दहा लाख. पण खरा धोका बटणांवरच्या डागांचा असतो. चार वेगवेगळी बटणं झिजून चमकत असतील तर कोडच्या शक्यता फक्त २४ उरतात, आणि नऊ जणांचा एकच कोड असला की ती नेमकी चारच बटणं झिजतात. सहा आकडे ठेवा आणि पाच चुकांनंतर कीपॅड काही मिनिटं गोठेल अशी सोय चालू ठेवा. खऱ्या कोडच्या मागे-पुढे भलते आकडे टाकू देणारी सोय असेल तर सगळ्यांना ती वापरायला शिकवा; शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. जन्मसाल, ऑफिसच्या फोनचे शेवटचे आकडे, गाडीचा नंबर हे कोड नकोत.

एक नोंद ठेवा: नाव, कुलपातला क्रमांक, कोणतं दार, कधी दिला, कधी काढला. त्यात कोड लिहायचा नाही. सोडून जाणाऱ्या माणसाचा कोड त्याच दिवशी, तो बाहेर पडण्याआधी काढा. हिशेब पूर्ण करायच्या यादीत हेही घाला. साफसफाईच्या मावशींना सकाळी ८ ते ९.३० पुरता मुख्य दाराचा कोड द्या. रेकॉर्ड रूम कोणी तरी समोर असतानाच झाडली जावी. वेळेचे कोड कुलपातल्या घड्याळावर चालतात. सेल काढून बराच वेळ रिकामं ठेवलं की काही कुलपांचं घड्याळ मागे पडतं आणि मावशी दाराबाहेर अडकतात. सेल बदलल्यावर ॲपमधून वेळ पुन्हा जुळवा. काही ब्लूटूथ कुलपांत ठरावीक मुदतीचा कोड सुरुवातीच्या २४ तासांत एकदा तरी वापरावा लागतो, नाहीतर तो बाद होतो. शुक्रवारी बनवून सोमवारी दिलेला कोड यामुळेच चालत नाही.

विम्याकडेही लक्ष द्या. चोरीच्या विम्यात बहुतेक वेळा जबरदस्तीने आत शिरल्याची खूण मागितली जाते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली अशा पॉलिसीतली ती अट पाळावीच लागेल असा निर्णय दिलेला आहे. चोर खरा कोड टाकून आला तर दारावर ओरखडाही नसतो. पॉलिसीतला तो परिच्छेद वाचा आणि कुलूप बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं म्हणणं लेखी घ्या. जागा भाड्याची असेल तर मालकाचीही लेखी परवानगी आधी घ्या.

ताबा घेण्याआधीची तपासणी

सगळ्या चाचण्या आधी दार उघडं ठेवून करा. कोड, किल्ली, आतलं हँडल, ९ व्होल्टची बॅटरी, प्रत्येक दहा वेळा. मग दार लावून, पण एक माणूस आत ठेवून, पुन्हा तेच. त्यानंतर मेन स्विच पाडा आणि ईएम लॉक बॅटरीवर टिकतं का पाहा. ते तसंच बॅटरीवर असताना आपत्कालीन डबा दाबा. दार तत्क्षणी सुटलं पाहिजे. सुटलं नाही तर डबा चुकीच्या वायरीत बसला आहे. जोडणी उघडून तिथेच दुरुस्त करून घ्या. राउटर बंद करून रेकॉर्ड रूमचा कोड टाका. तो इंटरनेटशिवाय चाललाच पाहिजे. एक कोड ॲपमधून काढून टाका आणि तोच कीपॅडवर टाकून बघा, कारण गेटवे जोडलेला नसला तर ॲपमध्ये काढलेला कोड कुलपात जिवंतच राहतो. बसवणाऱ्या माणसाचे पैसे ही शेवटची चाचणी पार पडल्यावर द्या, आणि त्याने तपासणीसाठी बनवलेले कोड त्याच्यासमोर काढा.